प्रौढ उंदराच्या मेंदूत नवे न्यूरॉन जोडले कसे जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'उंदीर' म्हणजे प्रयोगशाळेतला लहान उंदीर, साधारण ६ ते ८ आठवड्यांचा तरुण प्रौढ. रॅट, म्हणजे मोठा उंदीर, वेगळा प्राणी आहे आणि त्याचे आकडे इथे लागू होत नाहीत. सगळे दिवस न्यूरॉनच्या जन्मापासून मोजलेले आहेत, उंदराच्या जन्मापासून नव्हे.

प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन कुठे तयार होतात?

ठळकपणे दोन ठिकाणी. पहिले हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या डेंटेट जायरस नावाच्या पट्ट्याच्या आतल्या काठावर, ग्रॅन्युल पेशींच्या (तिथल्या मुख्य न्यूरॉनच्या) थराखाली. तिथे जन्मलेली पेशी फारशी हलत नाही, त्याच थराच्या आतल्या एक तृतीयांश भागात स्थिरावते आणि ग्रॅन्युल पेशी बनते. दुसरे ठिकाण पार्श्व मेंदूविवराच्या भिंतीलगतचा पट्टा. तिथल्या पेशी काही मिलिमीटर पुढे सरकत घ्राणकंदापर्यंत, म्हणजे वासाची माहिती हाताळणाऱ्या भागापर्यंत, जातात.

जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखवल्या होत्या, पण कित्येक वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. आजची जोडणीबद्दलची बहुतेक माहिती उंदराच्या डेंटेट जायरसमधून आलेली आहे. त्यामुळे खालची बरीच उत्तरे त्याच भागाबद्दल आहेत.

प्रत्येक निष्कर्षासोबत पेशीचे वय का लिहितात?

कारण वय सांगितल्याशिवाय 'नवा न्यूरॉन' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. १० दिवसांच्या पेशीला ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा एकही चालू सायनॅप्स (दोन न्यूरॉनमधला संदेशाचा जोड) नसतो. ३० दिवसांची पेशी शेजारच्या जुन्या पेशींपेक्षा जास्त लवचीक असते. ७० दिवसांची पेशी बहुतेक मोजमापांत जुन्यांसारखीच दिसते. एकाच प्रश्नावर दोन गटांचे निकाल उलट आले, तर आधी वये ताडून पाहा. बऱ्याचदा भांडण तिथेच मिटते.

जोडणीचा क्रम नेमका काय असतो?

पहिल्या आठवड्यात पेशीला सायनॅप्स नसतातच. तिच्या पृष्ठभागावर गाबा या रसायनाचे ग्राहक (ते पकडणारी प्रथिने) मात्र असतात आणि आसपासच्या द्रवात पसरलेला गाबा तिला हलकेच, सतत उत्तेजित करत राहतो. दुसऱ्या आठवड्यात स्थानिक इंटरन्यूरॉन (आसपासच्या पेशींना आवरणारे न्यूरॉन) तिच्यावर पहिले खरे सायनॅप्स बांधतात. हेही गाबाचेच, आणि त्यांचे प्रवाह संथ असतात. याच सुमारास डेंड्राइट (संदेश घेणारी फांदी) ग्रॅन्युल थर ओलांडून त्याच्या बाहेरच्या आण्विक थरात शिरतो, आणि अ‍ॅक्सॉन हा संदेश पाठवणारा तंतू १० ते ११ दिवसांत हिप्पोकॅम्पसच्याच सीए३ भागापर्यंत पोहोचतो. अ‍ॅक्सॉन इतक्या लवकर पोहोचतो हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण तोवर डेंड्राइटवर एकही स्पाइन (सायनॅप्स बसतो तो बारीक उंचवटा) नसते.

स्पाइन दिसायला लागतात १६ व्या दिवसाच्या आसपास. ग्लुटामेटचे सायनॅप्स दोन आठवड्यांनंतर कामाला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्पाइनची संख्या झपाट्याने वाढते. पेशीच्या कायेभोवतीचे वेगवान गाबा सायनॅप्स सर्वांत शेवटी पक्के होतात. आठ आठवड्यांपर्यंत स्पाइनची घनता बरीच स्थिरावते, पण मोठ्या डोक्याच्या, छत्रीसारख्या स्पाइनचे प्रमाण त्यानंतरही वाढत राहते.

थोडक्यात क्रम असा: आधी पसरलेला गाबा, मग सायनॅप्समधला गाबा, मग ग्लुटामेट, आणि शेवटी कायेभोवतीचा गाबा. हा क्रम सहसा बदलत नाही. मात्र प्रत्येक टप्प्याची तारीख उंदराचे वय आणि हालचाल यांनुसार काही दिवस मागेपुढे होते. रॅटमध्ये हेच टप्पे एक ते दोन आठवडे लवकर येतात.

गाबा तर शांत करणारे रसायन. ते नव्या पेशीला उत्तेजित कसे करते?

गाबाचा ग्राहक उघडला की क्लोराइडला वाट मिळते. क्लोराइड आत जाणार की बाहेर, हे पेशीच्या आत त्याचे प्रमाण किती यावर ठरते. कोवळ्या पेशीत क्लोराइड आत ओढणारा एनकेसीसी१ हा वाहक भरपूर असतो आणि बाहेर काढणारा केसीसी२ कमी. त्यामुळे आत क्लोराइड साठलेले असते; वाट उघडताच ते बाहेर पडते आणि पेशीचा विद्युतदाब शून्याकडे सरकतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यादरम्यान हे पारडे फिरते आणि गाबा नेहमीसारखा शांत करू लागतो.

हा निव्वळ योगायोग नाही. नव्या पेशींमधला एनकेसीसी१ कमी केला की डेंड्राइट खुरटतात आणि पुढचे सायनॅप्स, गाबाचे आणि ग्लुटामेटचे दोन्ही, नीट बनत नाहीत. हे २००६ मध्ये उंदरात दाखवले गेले. ग्लुटामेटच्या जोडणीची तयारी गाबाच करून देतो.

मंडलात, म्हणजे न्यूरॉनच्या जोडलेल्या जाळ्यात, जागा आधीच भरलेली असते. नवी स्पाइन कुठे बसते?

याचे उत्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळाले. नव्या पेशीचा डेंड्राइट गडद रंगवून त्याचे सलग पातळ काप पाहिले, की त्यातून निघालेले बारीक तंतू, म्हणजे फिलोपोडिया, मोकळ्या जागेत भटकताना दिसत नाहीत. त्यांची टोके अशा बूटनांच्या (अ‍ॅक्सॉनच्या संदेश सोडणाऱ्या फुगवट्यांच्या) अगदी जवळ असतात, ज्यांच्यावर जुन्या पेशीची स्पाइन आधीच बसलेली आहे. पुढे तंतूची स्पाइन होते आणि काही काळ एकाच बूटनवर दोन भागीदार असतात, एक जुना आणि एक नवा. पेशीचे वय वाढते तसे नव्या स्पाइनपैकी स्वतंत्र बूटन असलेल्यांचे प्रमाण वाढते. याचा सर्वांत सरळ अर्थ असा, की अनेक ठिकाणी जुना भागीदार हटतो.

स्पर्धेचा पुरावा उलट बाजूनेही मिळाला आहे. जुन्या ग्रॅन्युल पेशींच्या स्पाइन जनुकीय उपायाने कमी केल्या की नव्या पेशी जास्त संख्येने टिकतात. या बाबतीत एक काळजी घ्यावी. स्थिर केलेल्या ऊतीतल्या कापात आपण एक क्षण पाहतो. तोच बूटन पुढे कोणाकडे राहिला, हे त्या कापातून सांगता येत नाही. वेगवेगळ्या वयांचे गट ताडूनच अंदाज बांधावा लागतो.

किती नव्या पेशी मरतात, आणि कधी?

डेंटेट जायरसमध्ये बहुसंख्य. मृत्यूच्या दोन लाटा आहेत. पहिली जन्मानंतर १ ते ४ दिवसांत येते, सायनॅप्स बनण्याच्या कितीतरी आधी. मेलेल्या पेशी मायक्रोग्लिया (मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी) इतक्या चटकन गिळतात, की कापात त्या क्वचितच सापडतात. मेलेल्या पेशी दिसल्या नाहीत म्हणजे त्या मेल्याच नाहीत, असे समजू नये.

दुसरी लाट पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यातली. इथे मात्र जोडणीचाच निवाडा होतो. २००६ मधल्या एका नेमक्या प्रयोगात फक्त नव्या पेशींमधून एनएमडीए ग्राहकाचा (ग्लुटामेट पकडणाऱ्या एका ग्राहकाचा) आवश्यक भाग काढून टाकला. त्या पेशी तिसऱ्या आठवड्यात मोठ्या प्रमाणावर गळाल्या. मग औषध देऊन सगळ्याच पेशींचे ते ग्राहक दाबले, तेव्हा ग्राहक नसलेल्या आणि असलेल्या पेशींमधली तफावत कमी झाली. म्हणजे पेशीला किती इनपुट मिळते यापेक्षा शेजाऱ्यांच्या तुलनेत किती मिळते, हे महत्त्वाचे. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर नियंत्रण-प्रयोग आहे.

नव्या पेशीला इनपुट कोणाकडून मिळते?

सुरुवात जवळच्यांपासून होते. स्थानिक इंटरन्यूरॉन आणि हायलसमधल्या (ग्रॅन्युल थराच्या आतल्या बाजूच्या भागातल्या) मॉसी नावाच्या उत्तेजक पेशी आधी जोडल्या जातात. ग्लुटामेटचे पहिले सायनॅप्स मॉसी पेशींचेच असल्याचे दिसते. नंतर एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून, म्हणजे हिप्पोकॅम्पसला बाहेरची माहिती देणाऱ्या भागाकडून, दूरचे तंतू जोडले जातात. सेप्टम या मेंदूच्या आणखी एका भागाकडूनही इनपुट येते.

आण्विक थराची मांडणी लक्षात ठेवली तर पुढचे वाचन सोपे जाते. त्याचा आतला तिसरा भाग मॉसी पेशींचा, मधला मध्यवर्ती एन्टोरायनल कॉर्टेक्सचा, बाहेरचा पार्श्व एन्टोरायनल कॉर्टेक्सचा. डेंड्राइट आतून बाहेर वाढतो, म्हणून भागीदारही साधारण त्याच क्रमाने भेटतात.

रेबीज विषाणूने इनपुट कसे शोधतात, आणि त्यात काय फसते?

आधी रेट्रोव्हायरसने (विभाजन होत असलेल्या पेशीतच जनुक बसवणारा विषाणू; पद्धत पुढे दिली आहे) नव्या पेशीत तीन गोष्टी घालतात: चमकणारे हिरवे प्रथिन, टीव्हीए हा ग्राहक आणि रेबीजला पुढच्या पेशीत जायला लागणारे त्याचे जी प्रथिन. ठरलेले वय आले की जी प्रथिनाचे जनुक काढून टाकलेला लाल रेबीज टोचतात. तो टीव्हीए असलेल्या पेशीतच शिरतो आणि तिथले जी प्रथिन वापरून सायनॅप्सपलीकडे फक्त एक पायरी मागे जातो. सुमारे एका आठवड्यानंतर मेंदू काढतात. हिरवी आणि लाल दोन्ही दिसणारी पेशी म्हणजे आरंभ-पेशी, नुसती लाल म्हणजे तिला इनपुट देणारी.

फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आरंभ-पेशी न मोजता नुसत्या लाल पेशींची संख्या दिली, तर दोन उंदरांची तुलनाच करता येत नाही. नेहमी गुणोत्तर द्यावे. जी प्रथिन नसलेला गट ठेवावाच. त्यात लांबवर लाल पेशी दिसल्या तर गळती आहे असे समजावे. रेबीज आरंभ-पेशीला हळूहळू मारतो, त्यामुळे उशीर केला की आरंभ-पेशीच नाहीशा होतात. आणि हा विषाणू सगळे सायनॅप्स ओलांडत नाही: लाल दिसली तर जोडणी आहे म्हणता येते, दिसली नाही म्हणून नाही असे म्हणता येत नाही.

नवी पेशी पुढे कोणाला संदेश देते?

सीए३ मधल्या पिरॅमिड पेशींना, हायलसमधल्या मॉसी पेशींना आणि इंटरन्यूरॉनना. तिचे बूटन ग्लुटामेट सोडतात. प्रकाशाने चालू होणारे चॅनेल नव्या पेशीत घालून सीए३ मध्ये नोंद घेतली, तेव्हा दोन आठवड्यांच्या पेशींचेही प्रतिसाद मिळाले. चौथ्या आठवड्यापर्यंत ते वाढून स्थिरावले.

इंटरन्यूरॉनशी असलेली जोडणी विसरू नये. थोड्याशा नव्या पेशी इंटरन्यूरॉनमार्फत कितीतरी जुन्या ग्रॅन्युल पेशींना दाबू शकतात. नव्या पेशी एकूण संख्येने अल्प असूनही त्यांचा परिणाम जाणवतो, त्याचे हे एक कारण.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात विशेष काय असते?

या काळात पेशी जोडलेली असते, पण तिच्यावरचा आवर अजून पूर्ण बसलेला नसतो. एलटीपी, म्हणजे सायनॅप्सची दीर्घकाळ टिकणारी बळकटी, तिच्यात कमी उत्तेजनावर सुरू होते आणि जास्त मोठी येते. यामागे एनएमडीए ग्राहकातला एनआर२बी हा घटक आहे. तो रोखला की हा फायदा जातो. कायेभोवतीचा गाबा अपुरा असल्यानेही पेशी सहज पेटते. आठ आठवड्यांपर्यंत ही खिडकी बंद झालेली असते.

घ्राणकंदातही असेच घडते का?

नाही. तिथली गोष्ट सुरुवातीपासूनच वेगळी आहे. कोवळ्या पेशी एकमेकींना धरून साखळ्या करतात आणि अ‍ॅस्ट्रोसाइटनी बनलेल्या नळ्यांमधून सरकतात. घ्राणकंदाच्या मध्यापर्यंत पोहोचायला काही दिवस ते एक आठवडा लागतो. तिथे साखळीतून सुटून त्या आपापल्या थरात चढतात. बहुतेक ग्रॅन्युल पेशी होतात, थोड्या ग्लोमेरुलसभोवतीच्या (ग्लोमेरुलस म्हणजे नाकाकडून आलेले तंतू जिथे जोडले जातात ते गोळे).

घ्राणकंदातल्या ग्रॅन्युल पेशीला अ‍ॅक्सॉनच नसतो. ती डेंड्राइटनेच ग्लुटामेट घेते आणि त्याच डेंड्राइटने मिट्रल पेशीला, म्हणजे घ्राणकंदाच्या मुख्य पेशीला, गाबा देते. ती आधी इनपुट जोडते, तेही कायेजवळच्या डेंड्राइटवर. तिचे आउटपुट नंतर सुरू होते. तिचे पूर्ण स्पाइक (विद्युत ठोके) उशिरा येतात. याचा फायदा असा, की कच्ची पेशी चालू मंडलात गोंधळ घालत नाही.

घ्राणकंदातल्या मृत्यूबद्दल मतभेद आहेत. डीएनए-खुणेच्या (विभाजनावेळी डीएनएत शिरणाऱ्या रसायनाच्या) मोजणीतून सुमारे निम्म्या पेशी १५ ते ४५ दिवसांदरम्यान मरतात असा आकडा आला. २०१९ मध्ये जिवंत उंदरात त्याच पेशी पुन्हा पुन्हा पाहिल्या, तेव्हा मृत्यू फारच कमी दिसला आणि खुणेच्या रसायनाच्या विषारीपणावर बोट ठेवले गेले. म्हणून जुना आकडा उचलताना तो कोणत्या पद्धतीने काढला, हे सोबत लिहावे.

जोडणी पाहण्यासाठी ब्रोमोडिऑक्सियुरिडीन चालेल का?

डीएनएत बसणारी ही खूण मोजणीसाठी चालेल, जोडणीसाठी नाही. ते फक्त केंद्रक रंगवते. डेंड्राइट आणि स्पाइन दिसत नाहीत. सहसा वजनाच्या दर किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम देतात. खूण उघड करण्यासाठी काप २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतात आणि मग बोरेट बफरने उदासीन करतात. या आम्लाने काही अँटिबॉडींचे लक्ष्यच बिघडते, म्हणून दुहेरी रंगकाम आधी एका कापावर करून पाहावे. ईडीयू ही तशीच दुसरी खूण वापरली तर आम्ल लागत नाही.

रेट्रोव्हायरस टोचण्याची पद्धत काय?

रेट्रोव्हायरस विभाजन होत असलेल्या पेशीतच जनुक बसवू शकतो, कारण केंद्रकाचे आवरण विरघळल्याशिवाय त्याला आत शिरता येत नाही. म्हणून खूणही लागते आणि जन्मतारीखही मिळते. लेन्टिव्हायरस इथे उपयोगाचा नाही. तो जुन्या पेशींतही शिरतो.

प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आणि जैवसुरक्षेची सोय आधी. भूल पूर्ण चढल्यावर डोके स्टिरिओटॅक्सिक चौकटीत बसवावे आणि ब्रेग्मा व लॅम्डा (कवटीच्या सांध्यांवरचे पुढचा आणि मागचा बिंदू) एका पातळीत आणावेत, ०.१ मि.मी.पेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. डेंटेट जायरससाठी सुरुवातीचे अंक: ब्रेग्मापासून मागे २.० मि.मी., बाजूला १.५ मि.मी., कवटीच्या पृष्ठभागापासून खाली २.३ मि.मी. आपल्या जातीच्या आणि वजनाच्या उंदरात आधी नुसता रंग टोचून, लगेच काप काढून हे अंक तपासावेत. १ ते १.५ मायक्रोलिटर विषाणू मिनिटाला ०.२५ मायक्रोलिटर या वेगाने सोडावा. संपल्यावर सुई ५ मिनिटे तशीच ठेवावी आणि मग हळूहळू वर घ्यावी.

घाई केली की विषाणू सुईच्या मार्गाने वर चढतो आणि हायलसऐवजी कॉर्टेक्स उजळतो. दुसरी नेहमीची अडचण जखमेची. सुईच्या वाटेवर ग्लिया आणि मायक्रोग्लिया विभाजित होतात आणि त्याही हिरव्या होतात. म्हणून पेशीचा आकार आणि प्रॉक्स१ ही खूण पाहूनच ग्रॅन्युल पेशी मोजाव्यात. तिसरी अडचण साठवणीची. विषाणू उणे ८० अंशांवर छोट्या भागांत ठेवावा, कारण एकदा वितळवून पुन्हा गोठवला की त्याची ताकद चांगलीच घटते. आणि एक मर्यादा तंत्रातलीच आहे: ज्या पेशीत जनुक बसले ती पुढे काही वेळा विभाजित होऊ शकते, त्यामुळे '२१ दिवस' या गटात थोड्या कमी वयाच्या पेशीही येतात.

नव्या पेशीवर पॅच-क्लॅम्प करताना आकडे का चुकतात?

पॅच-क्लॅम्प म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून तिची विद्युत मोजणी. आकडे चुकतात, कारण पेशीचा इनपुट रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) प्रचंड असतो. जुन्या ग्रॅन्युल पेशीचा काहीशे मेगाओम, तर कोवळीचा कित्येक गिगाओम. समजा पेशी ४ गिगाओमची आहे आणि पिपेटचे सीलही (पेशीशी असलेला घट्ट जोड) ४ गिगाओमचेच. मग दोन्ही समांतर धरून तुम्ही २ गिगाओम मोजता, आणि खरा विश्रांतीदाब उणे ७० मिलिव्होल्ट असला तरी उणे ३५ च्या आसपास दिसतो. 'कोवळ्या पेशी विध्रुवित असतात' (म्हणजे त्यांचा विद्युतदाब शून्याकडे सरकलेला असतो) या निरीक्षणाचा काही भाग निव्वळ गळतीचा असू शकतो. सील निदान १० गिगाओमच्या वर हवे, आणि ते प्रत्येक पेशीसाठी लिहून ठेवावे.

दुसरी चूक क्लोराइडची. पेशी फोडून नोंद घेतली की पिपेटमधले क्लोराइड आत शिरते आणि गाबाची दिशा पेशी ठरवत नाही, तुमचे द्रावण ठरवते. दिशा तपासायची असेल तर ग्रामिसिडिन वापरून छिद्रित पॅच करावा. ग्रामिसिडिनच्या छिद्रांतून क्लोराइड जात नाही.

स्पाइन मोजताना काय पाळावे?

आण्विक थराचा कोणता तिसरा भाग मोजला ते लिहा. तिन्ही एकत्र मिसळू नका. ६० किंवा ६३ पट तेलाची भिंग, ०.३ ते ०.५ मायक्रोमीटरचे टप्पे, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. डेंड्राइटच्या वर-खाली निघालेल्या स्पाइन प्रकाश-सूक्ष्मदर्शकात लपतात, त्यामुळे खरी संख्या नेहमी जास्त असते. हिरवे प्रथिन मंद असले तर बारीक मानेच्या स्पाइन आधी गायब होतात, म्हणून अँटिबॉडीने ते उजळवावे.

धावण्याचे चाक आणि समृद्ध पिंजरा यांचा परिणाम सारखाच असतो का?

नाही. धावण्याने मुख्यतः विभाजन वाढते, समृद्ध (खेळणी, बोगदे असलेल्या मोठ्या) पिंजऱ्याने टिकाव. जोडणीवर पिंजऱ्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो तो पेशी २ ते ६ आठवड्यांची असताना. म्हणून पिंजरा कधी बदलला, हे पेशीच्या वयात लिहावे. मोठ्या पिंजऱ्यात बहुधा चाकही असते. ते काढल्याशिवाय कोणता परिणाम कशाचा, हे वेगळे करता येत नाही.

जोडणी चुकीची झाली तर काय दिसते?

तीव्र अपस्माराच्या झटक्यांनंतर काही नव्या पेशी वर जाण्याऐवजी हायलसमध्ये भरकटतात, किंवा त्यांच्या तळातून हायलसकडे एक जादा डेंड्राइट निघतो. अशा डेंड्राइटवर दुसऱ्या ग्रॅन्युल पेशींचे सायनॅप्स बसू शकतात आणि उत्तेजनाचा बंद फेरा तयार होतो. डिस्क१ हे प्रथिन नव्या पेशीत कमी केले तर वेगळाच प्रकार होतो: पेशी नेहमीपेक्षा मोठी होते, जागा चुकते, आणि तिचे डेंड्राइट व सायनॅप्स वेळेआधी बनतात. वेग वाढला म्हणजे जोडणी सुधारली, असा अर्थ काढणे इथे साफ चुकीचे ठरते.

हे सगळे माणसाला लागू होते का?

जसेच्या तसे नाही. माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी असल्याचा पुरावा १९९८ मध्ये आला. २०१८ मध्ये मात्र एका गटाने प्रौढांत त्या जवळजवळ सापडत नाहीत म्हटले, तर दुसऱ्याने वृद्धापकाळापर्यंत सापडतात म्हटले. मृत्यूनंतर ऊती किती वेळाने आणि कशी स्थिर केली, यावर डबलकॉर्टिन या कोवळ्या न्यूरॉनमधल्या प्रथिनाची खूण दिसणे अवलंबून असते. वादाचा मोठा भाग त्यावरच आहे. माणसात रेट्रोव्हायरस टोचता येत नाही, त्यामुळे वर दिलेले दिवसांचे आकडे उंदराचेच आहेत आणि माणसासाठी ते वापरू नयेत.